थांबलेले इंजिन, साचलेले डिझेल

३१ जुलैची मध्यरात्र उलटली की ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपते आणि मालिम, कुटबण, शापोरा, खारीवाडा येथील धक्क्यांवर दोन महिने गप्प असलेली इंजिने पुन्हा धडधडू लागतात. दरवर्षी या दिवसांत खलाशी परतले की नाहीत, समुद्र निवळला की नाही, बर्फाचा आणि डिझेलचा भाव काय, याची चर्चा रंगते. मे महिन्यापासून टाकीत पडून राहिलेल्या डिझेलचे दरम्यानच्या काळात काय झाले असेल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. डिझेल म्हणजे एकदा भरले की हवे तेव्हा वापरावे असे निर्जीव द्रव्य, आणि बंद इंजिन म्हणजे विश्रांती घेणारे इंजिन, असा आपला सार्वत्रिक समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो ज्या क्षणी उघडा पडतो, तो क्षण बहुधा जिवावर बेतणारा असतो.

ट्रॉलरची सुटी निदान दोन महिन्यांची असते. एकदा समुद्रात उतरला की त्याचे इंजिन दिवसरात्र चालते आणि टाकीतले तेल वेगाने खर्ची पडते. खरा प्रश्न आहे तो डिझेल क्वचितच जाळणाऱ्यांचा, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शिडाची नौका. गोव्याला हे उदाहरण परके नाही. भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधल्या गेल्या. ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कोठेही न थांबता पूर्ण केली. ‘तारिणी’वरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतल्या. या मोहिमांच्या मागे प्रशिक्षित मनुष्यबळ आणि शिस्तबद्ध देखभाल असते. मांडवी, शापोरा वा झुवारीच्या पात्रात नांगरलेल्या छोट्या खासगी नौकांच्या मागे तसे काही नसते. त्या ऑक्टोबर ते मे या काळात मोजक्या रविवारी बाहेर पडतात आणि जूनपासून चार महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या जातात.

हिशेब साधा आहे. अशा नौकेवर वीस-तीस अश्वशक्तीचे इंजिन असते. मध्यम वेगात ते तासाला दोन-तीन लिटर डिझेल घेते. बाहेर पडताना आणि परत येताना मिळून वर्षाकाठी ते वीस तास चालले, तर खर्च होतात चाळीस ते साठ लिटर. टाकी दोनशे लिटरची असेल, तर एकदा भरलेले डिझेल तीन वर्षांहून अधिक काळ पुरते. साठवलेल्या डिझेलचे आयुष्य मात्र सर्वसाधारणपणे सहा महिने ते एक वर्ष मानले जाते आणि आपल्यासारख्या उष्ण, दमट हवेत ते या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडेच राहते.

आजचे डिझेल कालचे नाही

जुने नाखवा सांगतात की पूर्वीचे डिझेल असे खराब होत नसे. या तक्रारीत स्मरणरंजनाचा भाग असला तरी तथ्यही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ दर्जाचे डिझेल मिळू लागले. त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांपुरते सीमित आहे. त्याआधीच्या टप्प्यात ते पन्नास होते आणि त्याही आधी साडेतीनशे. शहरांतील हवेसाठी आणि आपल्या फुप्फुसांसाठी हे पाऊल आवश्यकच होते. त्याबद्दल वाद नाही. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगभूत वंगणगुणही काही प्रमाणात जातो आणि तो पूरक रसायनांनी भरून काढावा लागतो. कमी गंधकाचे इंधन सूक्ष्मजीवांनाही अधिक मानवते, असे इंधनतज्ज्ञांचे निरीक्षण आहे.

दुसरा बदल जैवइंधनाचा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे सूचक उद्दिष्ट आहे आणि भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. प्रत्यक्ष मिश्रण अजून या आकड्यांच्या बरेच मागे आहे, पण दिशा ठरलेली आहे. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग यशस्वी न ठरल्याने आता आयसोब्युटेनॉल मिसळण्याचे प्रयत्न सुरू असल्याची माहिती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दिली. वनस्पतिजन्य तेलावर इंजिन चालवणे ही कल्पना नवी नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. बायोडिझेलने इंधनाचे वंगण सुधारते, हेही खरे. परंतु ते खनिज डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी स्वतःत विरघळवून घेते, हवेशी लवकर संयोग पावते आणि सूक्ष्मजीवांना सहज पचते. आठवड्याला टाकी रिकामी करणाऱ्या ट्रकला या दोषांची झळ लागत नाही. तीन वर्षे तीच टाकी बाळगणाऱ्या नौकेला लागते. इंधनाची धोरणे रोज धावणाऱ्या वाहनांसमोर ठेवून आखली जातात आणि त्यांची किंमत क्वचित चालणाऱ्या यंत्रांना मोजावी लागते, असा हा विषम न्याय आहे.

पाणी येते कुठून?

डिझेलच्या बिघाडाचे मूळ जवळपास नेहमी पाण्यात असते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढू लागतात. अन्न वरून मिळते आणि ओल खालून. त्यांच्या वाढीतून तपकिरी-काळा, बुळबुळीत साका तयार होतो. त्यांच्यापासून निर्माण होणारी आम्ले टाकीचा पत्रा आतून खातात. हे सारे बंद झाकणाखाली, कोणताही आवाज न करता घडत असते.

हे पाणी येते कुठून, याचे ठरलेले उत्तर ‘रिकाम्या टाकीतील हवेचे दव’ असे दिले जाते आणि म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. ३० अंश तापमानाची, पूर्ण दमट हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. टाकीत शंभर लिटर जागा रिकामी असेल, तर त्या सगळ्या हवेत मिळून बाष्प भरते अवघे तीन ग्रॅम. पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानातला फरक चार-पाच अंशांचा. त्याने टाकीतील हवा दिवसाला साधारण दीड टक्का आतबाहेर होते. चार महिने हा श्वासोच्छ्वास चालला आणि आत आलेल्या बाष्पाचा थेंब न् थेंब तळाशी साचला असे मानले, तरी जमते ते सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे अधिक पाणी.

ज्या नौकांच्या टाकीतून तांब्याभर पाणी निघते, त्यांच्या बाबतीत संशय दवावर घेऊन भागणार नाही. मुख्य संशयित वेगळे आहेत. पहिला म्हणजे डेकवरच्या डिझेल भरण्याच्या झाकणाखालचे रबरी कडे. उन्हाने ते कडक होते, चिरते आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर त्या झाकणाभोवती साचलेले पाणी निमूटपणे खाली उतरते. चार पैशांचे ते कडे बदलायचे राहते आणि पुढे हजारोंचा खर्च येतो. दुसरा संशयित टाकीची श्वासनळी. ती नौकेच्या बाजूला खाली बसवली असेल, तर लाटेचे पाणी तिच्यातून आत शिरते. तिसरा म्हणजे विकत घेतलेले डिझेलच: फारसा खप नसलेल्या पंपावरून, उघड्या वा अर्धवट पुसलेल्या कॅनमधून आणलेले.

टाकी भरून ठेवण्याच्या सल्ल्यात म्हणूनच अर्धे सत्य आहे. गळक्या झाकणाखाली भरलेली टाकी सुरक्षित नसते आणि वापर नसताना भरलेली टाकी म्हणजे म्हातारे होणारे अधिक डिझेल. पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरू नये म्हणून ती भरून ठेवण्यात अर्थ आहे. पण क्रम असा हवा: आधी झाकणाचे कडे तपासावे, मग तळाचे पाणी काढावे, मग ताजे डिझेल आणि त्यासोबत जंतुनाशक व टिकाऊपणा वाढवणारे द्रव्य प्रमाणात घालावे. जंतुनाशकाबाबत एक सावधगिरी महत्त्वाची आहे. आधीच साका धरलेल्या टाकीत ते ओतले, तर मेलेल्या जिवांचे थर सुटून फिल्टरकडे धाव घेतात. अशा टाकीला आधी सफाई लागते, औषध नंतर.

गाळ ढवळतो तो नेमक्या वेळी

इथपर्यंतचे सारे कंटाळवाण्या देखभालीचे प्रकरण वाटेल. त्यातले गांभीर्य कळण्यासाठी मांडवीच्या मुखाशी उभे राहून पाहावे. आग्वादजवळ नदी समुद्राला मिळते तिथे रेतीचा उंचवटा आहे. नाविकांच्या भाषेत तो ‘बार’. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो, उथळ पाण्यावर लाटा उभ्या राहतात आणि वारा नौकेला मिरामार-करंझाळेच्या किनाऱ्याकडे ढकलू लागतो. शीड उतरवून इंजिनावर आत शिरायचे असते ते इथेच. पात्रात नांगरावर असताना जे इंजिन बिनतक्रार चालले, ते याच जागी खोकू लागते आणि बंद पडते.

यात दुर्दैव नाही, साधे यंत्रशास्त्र आहे. शांत पाण्यात साका तळाशी पडून राहतो आणि वरचे स्वच्छ तेल इंजिनाला मिळते. नौका लाटांवर हेलकावू लागली की टाकीतील तेल ढवळले जाते, वर्षानुवर्षांचा गाळ उसळतो आणि काही मिनिटांत फिल्टर तुंबतो. ज्या खवळलेल्या पाण्यामुळे इंजिनाची गरज निर्माण होते, तेच खवळलेले पाणी इंजिनाचा घास अडवते. बंदरात चालते म्हणून इंजिन ठीक आहे, या निष्कर्षाला म्हणूनच काही किंमत नाही. १ ऑगस्टच्या पहाटे उसळत्या समुद्रात उतरणाऱ्या ट्रॉलरलाही हेच लागू पडते.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर असावा आणि निघण्यापूर्वी त्या वाटीकडे पाहण्याची सवय असावी. टाकीच्या अगदी तळातून नळीने वा हातपंपाने ओढलेला नमुना काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला, तर सकाळी तो सारे सांगून टाकतो: खाली पाण्याचा थर आहे का, मध्ये काळपट जाळी आहे का, वरचे तेल स्वच्छ आहे का. नौकेवर दोन फिल्टर जास्तीचे असावेत आणि ते बदलून नळीतली हवा काढण्याचा सराव धक्क्यावर बांधलेल्या नौकेत केलेला असावा. लाटांवर, डिझेलच्या वासात, डोके खाली घालून हे काम पहिल्यांदा शिकता येत नाही.

इंजिनाचा आळस

डिझेलइतकेच नुकसान इंजिनाचे होते आणि तेही न चालवल्याने. बहुतेक मालकांना याची पुसट जाणीव असते, म्हणून ते पंधरा दिवसांनी नौकेवर जातात, दहा मिनिटे इंजिन मंद गतीने चालवतात आणि समाधानाने घरी परततात. या दहा मिनिटांनी बॅटरी जिवंत असल्याचे कळते. त्यापलीकडे फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. डिझेल इंजिन भाराखाली तापण्यासाठी घडवलेले असते. थंड आणि मंद चालले की जळण अपुरे होते, काजळी धरते, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन रिंगांची पकड कमी होते आणि जळणातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये उतरून तिथेच राहते. एक्झॉस्टच्या वळणावर, जिथे समुद्राचे पाणी धुरात मिसळते, तिथे काजळी आणि गंज यांचे कवच जमून वाट अरुंद होत जाते. इंजिन सुरू करायचेच असेल, तर गियर टाकून, भार देऊन, पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास चालवावे. तेवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी ते सुरू न केलेले बरे.

अलीकडच्या एका चांगल्या बदलाने ही अडचण वाढवली आहे. पूर्वी शिडाच्या नौकेवर बॅटरी चार्ज करण्यासाठी तरी इंजिन चालवावे लागे. आता ते काम सौर पट्ट्या करतात. त्यामुळे इंधन वाचते, आवाज आणि धूर टळतो. परंतु इंजिनाचे चालणे आणखी घटते आणि डिझेलचा मुक्काम आणखी लांबतो.

चार महिन्यांच्या विश्रांतीपूर्वी काही गोष्टी करायच्या असतात आणि त्यांत क्रमाला महत्त्व आहे. ऑइल बदलायचे ते पावसाळ्यानंतर नव्हे, आधी. कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले असतात आणि ती चार महिने बेअरिंगांवर बसून राहतात. समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुवावी. पाणी खेचणारा रबरी इंपेलर काढून ठेवावा, कारण एकाच जागी दबून राहिलेली त्याची पाती वाकडी होतात. परतल्यावर तो बसवल्याशिवाय चावी फिरवू नये. इंपेलर कोरडा फिरला तर काही मिनिटांत फाटतो. उष्णता-विनिमयकातील जस्ताचा तुकडा झिजला असेल तर बदलावा.

एक सूचना मात्र ठळकपणे सांगण्याजोगी आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजिन लवकर सुरू होत नाही, तेव्हा माणूस स्टार्टर दाबतच राहतो. अशा वेळी इंजिन पेटत नसले तरी पंप समुद्राचे पाणी ओढतच असतो. ते बाहेर फेकण्यासाठी धुराचा जोर नसल्याने पाणी मफलरमध्ये भरते आणि तिथून उलटे सिलिंडरमध्ये शिरते. फिल्टर बदलून सुटणारा प्रश्न मग इंजिन उघडण्यापर्यंत जातो. म्हणून दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही, तर समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक बंद करावा, मगच पुढचे प्रयत्न करावेत आणि ते पेटताच कॉक न विसरता उघडावा.

अनुदान लिटरला, लक्ष कशाला?

हा विषय मूठभर हौशी नाविकांचा आहे, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. गृहसंकुलांतील, रुग्णालयांतील आणि कार्यालयांतील जनरेटर याच जातीचे आहेत. वीजपुरवठा जसजसा सुधारतो, तसतसे ते कमी चालतात आणि एखाद्या वादळी रात्री त्यांच्यावर सारे विसंबते. सोसायटीच्या वार्षिक सभेत जनरेटरच्या खर्चावर वाद होतात. त्याच्या टाकीतील तेल किती वर्षांचे आहे, हे विचारणारा सभासद विरळा. जीवरक्षक नौका, अग्निशमनाचे पंप हीही सारी क्वचित लागणारी आणि लागतील तेव्हा चाललीच पाहिजेत अशी यंत्रे.

सरकारी व्यवस्थेचे लक्ष मात्र इंधनाच्या किमतीवर आणि प्रमाणावर खिळलेले आहे. मच्छीमारांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो आणि तो वेळेवर मिळावा ही त्यांची मागणी रास्तच आहे. परंतु परतावा मोजला जातो जाळलेल्या लिटरवर. ते तेल टाकीत कोणत्या स्थितीत राहते, याच्याशी कोणाचा संबंध नाही. तीन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. पहिली, मोठ्या जेटींवर खराब डिझेल, तळाचे तेलमिश्रित पाणी आणि वापरलेले ऑइल स्वीकारण्याची सोय. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल येते. पण ते द्यायला जवळ जागा नसेल, तर ते रात्री नदीत जाते, हे धक्क्यावर वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दुसरी, नौकांच्या नोंदणी आणि तपासणीच्या वेळी जीवरक्षक जाकिटांइतक्याच गांभीर्याने इंधनटाकीचे झाकण, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि तळाचा नमुना पाहणे. तिसरी, पंपावर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये जैवइंधनाचे प्रमाण किती, हे ठळकपणे लिहिणे. मिश्रण वाढणारच असेल, तर ग्राहकाला ते कळण्याचा हक्क आहे. टाकी किती दिवस ठेवायची याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

अर्थात सरकारने सारे केले, तरी झाकणाचे कडे मालकालाच बदलावे लागणार. यंत्र चालवताना झिजते, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून चालणाऱ्या यंत्राची आपण काळजी घेतो. न चालता होणारी झीज दिसत नाही, तिचा आवाज नसतो आणि तिचे बिल उशिरा येते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू करण्याची या किनाऱ्याची रीत आहे. त्याच्या आदल्या दिवशी टाकीच्या तळातले पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवावे. सकाळी बरणी स्वच्छ दिसली, तर निर्धास्त निघावे; तळाशी पाणी दिसले, तर नारळ एक दिवस थांबवावा.